दुबईत दोन मोकळ्या सकाळी, चांगली कॉफी आणि सोबत सासूबाई

घरची_किटली (पुणे)

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा दिवसांसाठी दुबईला जात आहोत. दीर बर दुबईत राहतात, त्यामुळे मुक्कामाची चिंता नाही. बुर्ज खलिफा, मॉल आणि वाळवंटातली सफर हे सगळे त्यांनी आधीच ठरवून टाकले आहे. मला दोन सकाळी मोकळ्या मिळणार आहेत आणि त्या मी कॉफीसाठी राखून ठेवल्या आहेत.

गेली चार वर्षे मी घरी व्ही-60 वर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या गाळणीवर, कॉफी करते. चिकमंगळूरच्या एकेका मळ्याच्या बिया मागवते, काट्यावर 15 ग्रॅम मोजते आणि किटलीतले पाणी बारीक धारेने ओतत उभी राहते. घरात याला 'प्रयोगशाळा' म्हणतात. दुबईत स्पेशालिटी, म्हणजे निवडक वरच्या प्रतीच्या बियांच्या, कॉफीची दुकाने खूप आहेत एवढे ऐकून आहे. पण नकाशावर शोधायला बसले की तीस-चाळीस नावे समोर येतात, प्रत्येकाच्या छायाचित्रांत तीच पांढरी भिंत आणि तोच दुधावर काढलेला हंस दिसतो, आणि यातले कॉफीसाठी कोणते व भिंतीसाठी कोणते हे काही केल्या कळत नाही.

आणखी एक अडचण आहे. दोन्ही दिवशी सासूबाई माझ्यासोबत असतील. त्या 74 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात आणि दुपारी चारला दुधात जायफळ घालून केलेली एक कप कॉफी हीच त्यांची कॉफी. माझ्या कपातल्या द्रवाला त्या शांतपणे 'तुझा काढा' म्हणतात. त्यांना कंटाळा येणार नाही आणि मलाही काही नवे चाखायला मिळेल, असे कुठे जाता येईल? खर्चाचा अंदाज आणि परत येताना कोणत्या बिया आणाव्यात हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

खाडीकाठचा (बर दुबई, अकरा वर्षे)

आधी ती तीस-चाळीस नावांची यादी बाजूला ठेवा. दोन सकाळींत दोन ठिकाणे पुरेत. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत जीभ थकलेली असते आणि सासूबाईही.

पहिली सकाळ अल कूझसाठी ठेवा. हा गोदामांचा आणि गॅरेजांचा औद्योगिक भाग आहे. टायरची दुकाने, ट्रक, पत्र्याच्या शेड असे दृश्य दिसल्यावर टॅक्सीवाल्याने चुकीच्या ठिकाणी आणले असे वाटेल, पण घाबरू नका. इथल्याच एका जुन्या संगमरवराच्या कारखान्याच्या जागेवर अलसरकाल अव्हेन्यू उभे राहिले असून त्याच्या गोदामांत आता कलादालने, छोटी नाट्यगृहे आणि कॉफीची दुकाने आहेत. नाइटजार ही रोस्टरी, म्हणजे बिया भाजून तिथेच कॉफी देणारे दुकान, याच आवारात आहे. 2007 पासून चालू असलेली रॉ कॉफी कंपनीही अल कूझमध्येच आहे. या शहरात स्पेशालिटी हा शब्द कोणाला फारसा ठाऊक नव्हता तेव्हापासून ती बिया भाजते आहे. दोन्हींपैकी एकच निवडा आणि तिथे दीड तास बसा.

मॉलमधल्या कॅफेऐवजी मी रोस्टरीत पाठवतो आहे, त्याला कारण आहे. दुबईत कॉफीचे एक झाडही उगवत नाही. या शहराची कॉफी म्हणजे बंदरातून आलेले पोते आणि ते भाजणारा माणूस, एवढीच. जेबेल अली बंदराच्या भागात 2019 मध्ये कॉफीचे मोठे व्यापारकेंद्र सुरू झाले. तिथे कच्च्या बिया साठवणे, भाजणे, चाखून प्रत ठरवणे हे सगळे चालते. इथिओपिया आणि येमेन हे कॉफीचे दोन मूळ प्रांत इथून विमानाने काही तासांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे दुधावरच्या नक्षीपेक्षा इथे बियांचे वैविध्य बघण्यासारखे असते, आणि ते जिथे भाजतात तिथेच नीट दिसते. आत गेल्यावर छापील मेन्यूकडे न बघता काउंटरवरच्या माणसाला एवढेच विचारा की आज फिल्टरवर (हाताने पाणी ओतून करायच्या गाळीव कॉफीसाठी) काय आहे आणि ते कधी भाजले आहे. उत्तरादाखल त्याने देश, प्रक्रिया (फळातली बी कशी वाळवली ते) आणि तारीख सांगितली तर बसा. 'स्ट्राँग की माइल्ड' असा प्रश्न केला तर सासूबाईंसाठी फ्लॅट व्हाइट ही दुधाची कॉफी घेऊन मोकळे व्हा.

दुसरी सकाळ अल फहिदीत काढा. दिरांच्या घरापासून हा भाग जवळच असेल. गच्चीवर वारा पकडणारे चौकोनी मनोरे असलेली जुनी घरे, अरुंद बोळ आणि सावली अशी ही वस्ती आहे. कॉफीचे छोटेसे संग्रहालय इथेच एका जुन्या घरात आहे. ते 2014 मध्ये सुरू झाले. निरनिराळ्या देशांची भाजण्याची भांडी, हाताने फिरवायच्या चक्क्या आणि लांब चोचीच्या पितळी किटल्या तिथे मांडून ठेवल्या आहेत, शिवाय वर बसून कॉफीही पिता येते. बोळांमध्ये गाडी जात नाही, त्यामुळे थोडे चालावे लागेल. पण जागोजागी ओटे आहेत आणि नोव्हेंबरमध्ये सकाळची हवा चांगली असते. हाच प्रश्न तुम्ही जुलैमधल्या सहलीसाठी विचारला असता तर मी घराबाहेर पडू नका असे लिहिले असते.

खर्चाचे म्हणाल तर दुधाची कॉफी साधारण 20 ते 28 दिरहमला आणि हाताने ओतून केलेली फिल्टर 30 ते 45 दिरहमला पडते. एक दिरहम म्हणजे ढोबळमानाने 24 रुपये धरा. 5 टक्के व्हॅट लिहिलेल्या किमतीतच असतो. बर दुबईहून अल कूझला टॅक्सीने 50 दिरहमच्या आसपास लागतील. वाटेत सालिकचा टोल लागला तर तोही भाड्यात धरला जातो. एकटीच जात असाल तर लाल मार्गाच्या मेट्रोने जाऊन शेवटच्या टप्प्यापुरती टॅक्सी करा. मात्र अर्धा प्यालेला कप हातात घेऊन मेट्रोत शिरू नका. आत खाण्यापिण्याला बंदी आहे आणि दंड 100 दिरहम, म्हणजे तीन कॉफींचे पैसे.

कडूजहर

वरच्या प्रतिसादातले बरेचसे पटले, तरी थोडे पाणी ओततो.

दुबईत 'स्पेशालिटी' हा शब्द दारावर लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. मुळात या शब्दाला मोजमाप आहे: चाखणाऱ्या तज्ज्ञांनी 100 पैकी 80 किंवा त्याहून अधिक गुण दिलेली कॉफी. प्रत्यक्षात मात्र काँक्रीटचा काउंटर, कुंडीतले कॅक्टस आणि पिस्त्याची लाटे एवढ्या भांडवलावर पाटी लागते. मागच्या वर्षी एका मॉलमधल्या कॅफेत (नाव लिहीत नाही) बरिस्ताने हसून 'सर, टुडे वुई हॅव गेशा' असे सांगितले, मीही हसून मान हलवली, आणि बिल आले 75 दिरहमचे. फळ्यावर त्या कॉफीपुढे किंमत लिहिलेलीच नव्हती. चूक माझीच, मी विचारले नाही. पण कॉफी कोमट होती, दळण इतके बारीक होते की घोट संपल्यावर जिभेवर तुरटपणा राहिला, आणि ज्या चमेलीच्या गंधासाठी गेशा प्रसिद्ध आहे तो कुठेच नव्हता. ही जात मूळची इथिओपियातली. तिचे नाव झाले ते 2004 मध्ये पनामातल्या स्पर्धेनंतर, आणि तेव्हापासून या एका शब्दावर काहीही किंमत लावता येते.

तेव्हा किटलीताई, मागवण्यापूर्वी किंमत विचारायला संकोच करू नका. आपल्याकडे ते कद्रूपणाचे वाटते. तिथे त्याचे कोणाला काही वाटत नाही.

दुसरे असे, की सासूबाईंसाठी अल कूझच्या टॅक्सीवर 50 दिरहम घालवण्याऐवजी बर दुबईतल्या कुठल्याही कोपऱ्यावरचा करक चहा पाजा. दोन-तीन दिरहमला मिळतो, वेलची घालून चांगला दाट उकळलेला असतो, आणि गाडीत बसून हॉर्न वाजवला की पोऱ्या कप आणून देतो. दुबईचे खरे पेय कोणते असे विचारले तर मी कॉफीआधी करकचे नाव घेईन.

खाडीकाठचा

करकबद्दल वाद नाही, रोज संध्याकाळी पितो. पण ताईंनी प्रश्न कॉफीचा विचारला आहे.

मोखाबंदर (मस्कत)

कोणत्या बिया घ्याव्यात या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुम्ही चिकमंगळूरच्या बिया पीत असाल तर दुबईत येमेनची कॉफी चाखल्याशिवाय परतू नका. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरजवळच्या चंद्रद्रोणच्या डोंगरावर लावल्या अशी जी कथा आपण ऐकत आलो, ते मोखा येमेनचेच. म्हणजे तुमच्या डब्यातल्या बियांचे माहेर म्हणा हवे तर. येमेनमध्ये डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या लहानलहान पट्ट्यांत ही झाडे वाढतात, पाणी कमी असते, आणि तोडलेली फळे बहुतेक ठिकाणी घरांच्या गच्च्यांवर सालासकट वाळत घालतात. बी फळाच्या गरातच वाळल्यामुळे चवीत मनुका, खजूर, थोडी दारूसारखी आंबूस झाक आणि मसाल्याचा गंध उतरतो. उत्पादन थोडे, मजुरी जास्त आणि देशात इतकी वर्षे युद्ध, त्यामुळे ती महाग असते. हे पैसे दुबईच्या भिंतीचे नाहीत, हे एवढ्यासाठी सांगते की किंमत ऐकून कडूजहरांसारखे दचकायला होईल.

'काढा' या शब्दावरून एक सुचवते. हलकी भाजलेली, गर धुऊन काढून मग वाळवलेली इथिओपियाची कॉफी लिंबासारखी आंबट लागते आणि सवय नसलेल्या माणसाला ती हमखास नकोशी होते. सासूबाईंना घोटभर द्यायचीच असेल तर ती देऊ नका. सालासकट वाळवलेली, म्हणजे जिला दुकानात नॅचरल म्हणतात ती द्या, आणि गरम असताना न देता थोडी निवू द्या. निवली की गोडवा वर येतो.

बियांची पिशवी घेताना भाजल्याची तारीख बघा; दहा-पंधरा दिवसांच्या आतली घ्या, दळून घेऊ नका, आणि हवा बाहेर सोडणारी छोटी झडप पिशवीला आहे ना ते पाहून चेक-इनच्या बॅगेत टाका. अशा नॅचरल बियांच्या हलक्या भाजणीला मुरायला वेळ लागतो, त्यामुळे पुण्यात पोहोचल्याच्या संध्याकाळी फोडू नका. आणि पुण्यात दुकानातली चव जशीच्या तशी आली नाही तर हातावर दोष घेऊ नका. दुबईचे पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून तयार होते, आणि चांगली दुकाने त्यावर पुन्हा गाळणी लावून कॉफीला हवे तेवढेच क्षार ठेवतात. तुमच्या घरी बोअरचे पाणी येत असेल तर एकदा बाटलीबंद पाण्याने करून बघा, फरक जिभेवर कळेल.

खजूरवाला (शारजा)

सासूबाईंसाठी गहवा! हे अजून कोणाला सुचले कसे नाही?

अल फहिदीत जाणारच आहात तर तिथल्या सांस्कृतिक समन्वय केंद्रात न्याहारी किंवा जेवणाचा कार्यक्रम असतो. आगाऊ नाव नोंदवून जावे लागते. अंगणात गालिच्यावर बसवतात, स्थानिक पदार्थ वाढतात, आणि अमिराती यजमानांना काहीही विचारायची मुभा असते. गुडघ्यांमुळे खाली बसणे जमणार नसेल तर नोंदणी करतानाच सांगून ठेवा. सुरुवातीलाच गहवा येतो. गहवा म्हणजे हलक्या भाजलेल्या बियांची, वेलची आणि कधी केशर घालून उकळलेली, फिकट सोनेरी, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. गोडासाठी सोबत खजूर. 2015 मध्ये अमिराती, सौदी, ओमान आणि कतार या चार देशांच्या नावाने युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत तिची नोंद केली आहे. जिच्यातून ती ओततात त्या दल्ल्याचे चित्र एक दिरहमच्या नाण्यावर आहे, सासूबाईंना दाखवा.

थोडी रीत सांगून ठेवतो. ओतणारा डाव्या हातात दल्ला आणि उजव्या हातात फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा कप, धरून येतो. आपण ते उजव्या हाताने घ्यायचे. कपात जेमतेम तळ झाकेल एवढीच कॉफी ओततात, तो हात आखडणे नसून आदर असतो, कारण कप काठोकाठ भरणे म्हणजे 'पिऊन निघा' असे सुचवणे. पुरे झाले की रिकामे फिंजान दोन-तीनदा हलकेच हलवून परत द्यायचे. न हलवता दिलेत तर तो पुन्हा ओतणार.

छायाचित्रे जपून काढा. कॅफेत कपाचा फोटो खुशाल घ्या, पण शेजारच्या टेबलावरची माणसे, विशेषतः कुटुंबे, चौकटीत येऊ देऊ नका. परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणे इथे कायद्याने गुन्हा ठरू शकते.

घरची_किटली

सगळ्यांचे आभार. कडूजहर, किंमत विचारण्याचा सराव आजपासून भाजीवाल्याकडे चालू करते. सासूबाईंना नाण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच दिरांना फोन करून एक नाणे बाजूला काढून ठेवायला सांगितले आहे.

घरची_किटली (तीन आठवड्यांनंतर)

परत आले. वृत्तांत लिहायचे राहून गेले होते.

पहिल्या सकाळी अल कूझला गेलो. टायरच्या दुकानांपाशी टॅक्सी वळली तेव्हा सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, हे खाडीकाठचा यांनी आधी लिहून ठेवले नसते तर मीही धरला असता. आत उंच छत, काचेपलीकडे भाजणीचे यंत्र आणि काउंटरवर एक नेपाळी मुलगा. फिल्टरवर काय आहे असे विचारताच त्याने दोन काचेच्या बरण्या पुढे केल्या, झाकणे काढली आणि वास घ्यायला सांगितले. एक इथिओपियाची होती, दुसरी येमेनची. तो माझ्याशी इंग्रजीत बोलत होता, पण सासूबाई बघत आहेत असे दिसल्यावर हिंदीत वळला आणि दुसरी बरणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर करून वास घेतला आणि म्हणाल्या, 'अगं, हा मनुकांच्या डब्याचा वास.' मोखाबंदर, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला नव्हता, शपथेवर सांगते.

फिल्टर 42 दिरहम, किंमत आधी विचारली. त्याने 16 ग्रॅम बिया घेतल्या, दळण माझ्यापेक्षा बरेच जाड होते, आणि पाणी चार वेळा थांबून ओतले. मी घरी एका धारेत संपवत होते, तिथे चुकत होते असे आता वाटते. सासूबाईंनी निवलेल्या कॉफीचे दोन घोट घेतले, 'काढा नाही, पण कॉफीही नाही' असा निर्णय दिला आणि आपला फ्लॅट व्हाइट शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. त्यावर काढलेले पान मोडायचे नाही म्हणून त्या कडेकडेने पीत होत्या.

अल फहिदीचे संग्रहालय लहान आहे, अर्ध्या-पाऊण तासात बघून होते. मला ते जरा दाटीवाटीचे वाटले, पण तिथली हाताने फिरवायची लाकडी चक्की बघून सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या मिरी दळायच्या चक्कीची आठवण झाली आणि त्या तिथून हलेनात. केंद्रातल्या न्याहारीत त्यांना खुर्ची मिळाली. घोटाळा गहव्याच्या वेळी झाला. फिंजान हलवायचे असते हे मी सांगायला विसरले आणि त्या प्रत्येक वेळी रिकामे फिंजान दोन्ही हातांनी, अगदी देवाला नैवेद्य दाखवावा तसे, पुढे करत राहिल्या. ओतणाराही तितक्याच आदराने ओतत राहिला. पाचव्या खेपेला त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, 'वेलची चांगली आहे गं, पण आता हा थांबेल कधी?'

येमेनची 250 ग्रॅमची पिशवी 95 दिरहमला आणली. बारा दिवस हात लावला नाही. तेराव्या दिवशी सकाळी उघडायला गेले तर पिशवीचे तोंड कापलेले होते, मिक्सरच्या भांड्याला तपकिरी भुकटी चिकटली होती आणि गॅसवरच्या दुधात जायफळ पडलेले होते. मी काही बोलले नाही. कपभर प्यायले, मनुकांचा वास त्यातूनही येत होता. उरलेली पिशवी आता माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे आहे.